रिव्हर्ब हा व्हीआर हेडसेट १८ हजारात मिळतोय, घेऊ का? की क्वेस्टसाठी दिवाळीपर्यंत थांबू?

दादा नमस्कार,

मी साताऱ्यात राहतो, वय २७, नोकरी करतो. घरी व्हील-पेडल लावून ॲसेटो कोर्सा हा रेसिंगचा गेम खेळतो, त्याचं वेडच आहे म्हणा ना. पीसी रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम. आता व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर घालायचा हेडसेट, घ्यायचं ठरवलंय पण जेवढं वाचतो तेवढा गोंधळ वाढतोय. पुण्यातला एक जण एचपीचा रिव्हर्ब जी२ १८ हजारात द्यायला तयार आहे, म्हणतो रिझोल्युशन क्वेस्ट ३ पेक्षा जास्त आहे. दुसरीकडे मामेभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला येतोय, तो मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ नाहीतर स्वस्तातला ३एस आणू शकतो. एक मित्र म्हणतो सोनीचा पीएसव्हीआर२ घे, ओलेड पडदा आहे, दुसरा म्हणतो जुना व्हॅल्व्ह इंडेक्स शोध. मला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना -३.५ च्या आसपास. बायकोलाही खेळायचंय पण तिला पसरणीच्या घाटातसुद्धा गाडी लागते. खोली १० बाय ११, त्यात कॉट आणि माझं टेबल. रेसिंग सोडून हाफ-लाइफ ॲलिक्स खेळायची फार इच्छा आहे. कोणता घेऊ, आणि कार्डही बदलावं लागेल का?

— साताऱ्याचा रेसर

मित्रा,

आधी एक काम कर, पुण्याच्या त्या माणसाला आजच कळव की मी रिव्हर्ब घेत नाही, म्हणजे तो दुसऱ्याला द्यायला मोकळा आणि तुझं मन त्या १८ हजारात अडकायचं बंद. मामेभावाला क्वेस्ट ३ सांग, ३एस नाही. कार्ड बदलू नकोस. उत्तर एवढंच आहे, पण तू सगळी माहिती नीट दिली आहेस तर कारणंही नीट सांगतो, कारण उद्या तुझ्या ग्रुपमधला दुसरा कोणी विचारेल तेव्हा त्याचं उत्तर वेगळं असू शकतं.

रिव्हर्बचं रिझोल्युशन जास्त आहे हे खरं आहे बरं का, तो माणूस खोटं बोलत नाहीये. २१६० बाय २१६० एका डोळ्याला, क्वेस्ट ३ चं २०६४ बाय २२०८. गणित केलं तर रिव्हर्ब थोडा पुढेच. २०२० च्या शेवटी आला तेव्हा सिम रेसिंग आणि फ्लाइट सिमवाल्यांनी तो उचलूनच धरला होता आणि ते योग्यच होतं. पण तो चालतो विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर सॉफ्टवेअरवर, आणि मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की हे बंद करतोय, आणि विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमधून ते सरळ काढूनच टाकलं. म्हणजे नवीन विंडोजवर हेडसेट जोडलास तर कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही. आता तो माणूस तुला सांगेल की ओॲसिस नावाचा ड्रायव्हर आहे, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळतो, त्याने चालतो. तेही खरं आहे, २०२५ मध्ये आला, फक्त एनव्हिडिया कार्डवर चालतो आणि तुझं एनव्हिडियाच आहे. ज्यांच्या घरी रिव्हर्ब आधीपासून पडून होता त्यांच्यासाठी ही देवासारखी गोष्ट झाली. पण तू नव्याने पैसे घालणार आहेस, आणि असा हेडसेट घेणार आहेस की ज्याच्या कंपनीने हात वर केलेत, ज्याच्यामागचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टने काढलंय, आणि जो एकाच डेव्हलपरने स्वतःहून केलेल्या ड्रायव्हरच्या जिवावर चालतोय. शिवाय त्याची केबल त्याची स्वतःची आहे, साध्या दुकानात मिळणारी नाही, ती गेली की सगळाच हेडसेट कपाटात. १८ हजार काही थोडेथोडके नाहीत.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या पत्रात रिझोल्युशनचा उल्लेख आहे, ओलेडचा आहे, पण लेन्सचा एकदाही नाही, आणि व्हीआरमध्ये मला विचारशील तर निम्मा अनुभव लेन्सवर ठरतो. पॅनल म्हणजे आतला पडदा कितीही भारी असू दे, तू ते पॅनल बघतच नाहीस, तू लेन्समधून बघतोस. रिव्हर्ब, क्वेस्ट २, ३एस, पीएसव्हीआर२, या सगळ्यांत फ्रेनेल लेन्स आहेत, म्हणजे भिंगावर गोल गोल बारीक खाचा असलेल्या. हलक्या असतात, स्वस्त असतात, प्रकाशही चांगला सोडतात. पण त्यांचा स्पष्ट दिसणारा भाग मधोमध असतो आणि कडेला जाल तसं सगळं धुरकट होत जातं. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक लेन्स आहेत, त्यात प्रकाश आतल्या आत घडी घातल्यासारखा पुढेमागे फिरून डोळ्यापर्यंत येतो, त्यामुळे हेडसेट पातळ होतो आणि स्पष्टपणा जवळजवळ कडेपर्यंत टिकतो.

हे तुला का महत्त्वाचं, ते तुझ्याच गेममध्ये बघ. गाडी चालवताना तुझी नजर सतत रस्त्यावर, मध्येच अर्धा सेकंद खाली स्पीड आणि गिअरवर, मग आरशात, परत रस्त्यावर. खऱ्या गाडीत मान हलवत नाहीस, फक्त डोळे फिरवतोस. फ्रेनेलमध्ये डोळे खाली नेलेस की डॅशबोर्डवरचे आकडे धुरकट दिसतात, म्हणून नकळत तू पूर्ण मान खाली घालायला लागतोस, आणि वळणाच्या तोंडावर मान खाली गेली की ब्रेकिंग पॉइंट हुकलाच समज. पॅनकेकमध्ये डोळे फिरवले की आकडा वाचता येतो. शिवाय काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, म्हणजे लोडिंग स्क्रीन किंवा रात्रीची रेस, की फ्रेनेलमध्ये त्या अक्षरांतून उजेडाच्या रेघा पसरलेल्या दिसतात, काही जणांना त्याची सवय होते, काहींना शेवटपर्यंत होत नाही.

पॅनकेकचा तोटाही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. त्या घडीमध्ये बराच प्रकाश वाया जातो. क्वेस्ट ३ चं पॅनल एलसीडी आहे, त्यामुळे काळा रंग पूर्ण काळा नसतो, गडद राखाडी दिसतो. ॲलिक्समध्ये अंधाऱ्या बोगद्याचा भाग आहे तिथे हे जाणवेल.

म्हणूनच तुझा मित्र पीएसव्हीआर२ म्हणतोय आणि त्याचा मुद्दा चुकीचा नाही. ओलेड, २००० बाय २०४०, काळा म्हणजे खरंच काळा, रात्रीच्या रेससाठी फार सुंदर. सोनीने ऑगस्ट २०२४ मध्ये पीसीचा अडॅप्टर काढला, ६० डॉलरचा, आणि हेडसेटची किंमतही २०२५ मध्ये ४०० डॉलरपर्यंत आणली. चष्मेवाल्यांनाही तो बरा पडतो कारण वजन कपाळावरच्या पट्ट्यावर येतं, गालांवर दाब नाही. पण पीसीला लावलास की त्याच्या खास गोष्टी गळून पडतात, एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जादा फरक नाही, आय ट्रॅकिंग म्हणजे नजर ओळखणं नाही, हेडसेटचं व्हायब्रेशन नाही, ट्रिगरचा तो ताण देणारा प्रकार नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ ची केबल वेगळी घ्यायची, कंट्रोलरसाठी पीसीत ब्लूटूथ पाहिजे, नसेल तर चांगला डोंगल घ्यायचा, आणि ही अडॅप्टर-ब्लूटूथची साखळी एकदा बिघडली की कंट्रोलर हवेत तरंगत जातात आणि मग तू गेम सोडून सेटिंग शोधत बसतोस. लेन्स फ्रेनेल हे तर आहेच. तुझ्याकडे पीएस५ असता तर मी डोळे झाकून हाच घे म्हटलं असतं, कारण मग एका हेडसेटमध्ये दोन्हीकडचं काम झालं असतं. नुसत्या पीसीसाठी नाही.

इंडेक्सचं थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये तो राजा होता, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं, कानाला न टेकणारे स्पीकर, बोटं ओळखणारे कंट्रोलर, आजही त्याचा आवाज मला सगळ्यांत जास्त आवडतो. पण १४४० बाय १६०० मध्ये आज डॅशबोर्डवरचे आकडे वाचायला त्रास होतो आणि हेडसेटची जागा ओळखायला भिंतीवर बेस स्टेशन नावाचे डबे ठोकायची कटकट आहेच. पायमॅक्स क्रिस्टल लाइट किंवा बिगस्क्रीन बियाँड हे नाव कोणी सुचवलं तर ऐकून सोडून दे, दोन्ही उत्तम आहेत पण त्यांचा पुरेपूर उपयोग होईल असं कार्ड तुझ्याकडे नाही, आणि बियाँडला पुन्हा बेस स्टेशन आणि कंट्रोलर वेगळे घ्यावे लागतात. व्हॅल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम फ्रेम जाहीर केला, पॅनकेक लेन्स, २१६० बाय २१६०, पीसीसाठी स्वतःचा वायरलेस डोंगल, आणि डोळा जिथे बघतोय तिथेच जास्त डेटा पाठवायची युक्ती. कागदावर तो पीसीवाल्यांसाठीच बनवलाय असं दिसतं. पण तुझा भाऊ दिवाळीला येतोय, आणि हातात येणाऱ्या वस्तूवर पैसे लावावेत असं माझं मत.

आता ३ की ३एस. ३एस २९९ डॉलरला आला, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि त्याच सुमारास क्वेस्ट ३ चा ५१२ जीबीवाला ४९९ वर आला. दोघांत चिप तीच, कंट्रोलर तेच. म्हणून बरेच जण म्हणतात की किमतीतला फरक वाचव. फक्त बीट सेबर हा तालावर ठोकळे तोडायचा गेम आणि व्यायामाचे गेम खेळणाऱ्याला मीही तेच सांगतो. पण ३एस मध्ये पॅनल आणि लेन्स क्वेस्ट २ च्याच धर्तीच्या आहेत, १८३२ बाय १९२० आणि फ्रेनेल, म्हणजे वर डॅशबोर्डबद्दल जे बोललो ते सगळं तुला भोगावं लागणार. आणि दुसरं, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, मोठ्या माणसांत साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास पण दोन्ही बाजूंना बराच फरक. ३एस मध्ये फक्त तीन खाचे आहेत, ५८, ६३ आणि ६८. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून हवं तिथे आणता येतं. तुझं आणि बायकोचं अंतर सारखं असण्याची शक्यता कमी, आणि जिला गाडी लागते तिच्यासाठी तर हे अंतर नीट जुळणं फारच महत्त्वाचं, नाहीतर दहा मिनिटांत डोळे ताणले जाऊन डोकं दुखायला लागतं. दोघांचं मोजून घ्या, चष्म्याच्या दुकानात मोजून देतात, नंबर काढतात तेव्हा कधीकधी कार्डावर पीडी म्हणून लिहिलेलंही असतं.

तुझ्या चष्म्याचं. एक गैरसमज आधी काढून टाकतो, बऱ्याच जणांना वाटतं की स्क्रीन डोळ्याला चिकटलेली आहे आणि मला जवळचं दिसतं, मग चष्मा कशाला. तसं नसतं. लेन्समुळे डोळ्याला ते चित्र मीटर-दोन मीटर लांब असल्यासारखं वाटतं, आणि -३.५ ला चष्म्याशिवाय फुटभराच्या पुढचं धूसर. म्हणजे तुला नंबर लागणारच. चष्मा घालून हेडसेट घालता येतो, क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडचा भाग पुढेमागे सरकवता येतो तो पुढे घे, पण चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासली तर ओरखडा कायमचा, आणि ती लेन्स प्लॅस्टिकची असते, पॉलिश होत नाही. म्हणून तुझ्या नंबरच्या इन्सर्ट लेन्स करून घे, हेडसेटच्या लेन्सवर बसतात, बायको खेळणार असेल तेव्हा काढून ठेवायच्या. ऑर्डर देताना लांबचा नंबर द्यायचा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर मग काहीच प्रश्न नाही.

कार्डाचं आता. तुझ्या मॉनिटरवर फुल एचडी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल. क्वेस्ट ३ चे दोन्ही डोळे मिळून ९१ लाख, म्हणजे ४के मॉनिटरपेक्षाही जास्त, आणि लेन्सचा बाक सरळ करण्यासाठी गेमला प्रत्यक्षात त्याहून मोठं चित्र काढावं लागतं. ९० हर्ट्झला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे एकेका चित्रासाठी, वेळ मिळतो ११.१ मिलिसेकंद. ऐकून घाबरशील, पण घाबरू नकोस, कारण तुला जे दोन गेम खेळायचेत ते दोन्ही या बाबतीत समजूतदार आहेत. ॲलिक्सचं किमान कार्ड जीटीएक्स १०६० आहे आणि तो गेम चालू असतानाच रिझोल्युशन स्वतः खालीवर करतो, ३०६० वर मस्त चालतो. ॲसेटो कोर्सा २०१४ चा गेम आहे, ७२ किंवा ८० हर्ट्झ ठेव, सावल्या आणि आरशांची क्वालिटी खाली आण, सुरुवातीला ग्रिडवर गाड्या कमी ठेव कारण तिथे कार्डापेक्षा प्रोसेसर दमतो. फ्रेम पुरल्या नाहीत तर सॉफ्टवेअर अर्ध्या फ्रेम स्वतः बनवून मध्ये घालतं, त्याने धक्के बसत नाहीत पण बाजूने जाणारे खांब आणि कुंपणं दुहेरी, लडबडलेली दिसतात. ते दिसायला लागलं की समज, सेटिंग अजून खाली आणायचं. १२ जीबी मेमरी ही तुझ्या कार्डाची जमेची बाजू आहे, व्हीआरमध्ये ८ जीबीवाले कधीकधी अडकतात तिथे तू अडकणार नाहीस. हां, उद्या ॲसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओ या दुसऱ्या रेसिंग गेमने किंवा मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरने मोह घातला तर तेव्हा कार्डाचा विचार कर, ते दोन्ही व्हीआरमध्ये भारी कार्डांनाही घाम फोडतात.

जोडणीबद्दल जरा सविस्तर, कारण क्वेस्ट घेऊन निराश झालेले जे लोक मला लिहितात त्यातल्या बहुतेकांचा घोळ इथेच असतो. रिव्हर्ब, इंडेक्स, पीएसव्हीआर२ हे डिस्प्लेपोर्टने जोडले जातात, कार्डातून चित्र जसंच्या तसं येतं. क्वेस्टला डिस्प्लेपोर्ट नाही. तुझं कार्ड चित्र काढतं, मग त्याचा व्हिडिओ बनवतं, तो यूएसबीने किंवा वायफायने हेडसेटला जातो, हेडसेट तो उलगडून दाखवतो. त्यामुळे थोडा उशीर लागतो आणि झाडं-गवत अशा बारीक नक्षीच्या जागी चित्र किंचित पिचल्यासारखं होऊ शकतं. नीट जुळवलं तर काही मिनिटांत विसरून जाशील, पण नीट जुळवावं लागतं.

रेसिंगसाठी केबल वापर. बसलेलाच असतोस, केबलचा त्रास नाही, बॅटरीची चिंता कमी, कारण नुसत्या बॅटरीवर क्वेस्ट ३ सव्वादोन तासांच्या आसपासच चालतो. पाच मीटरची यूएसबी ३ ची केबल घे, पीसीच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लाव, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर बऱ्याचदा स्पीड पडतो. ॲलिक्ससाठी मात्र वायरलेसच, एकदा बिनवायरीचं खेळलास की परत केबल नको वाटेल. त्यासाठी पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं, पीसी वायफायवर आणि हेडसेटही वायफायवर असं केलंस तर अडखळणार. हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, आणि राउटर त्याच खोलीत. फायबरवाल्याने हॉलमध्ये टीव्हीच्या मागे राउटर बसवून दिलेला असतो आणि आपण बेडरूममध्ये खेळतो, मधली भिंत विटेची, मग चित्र फुटतं आणि लोक म्हणतात हेडसेट खराब. वायफाय ६ चा एक साधा राउटर फक्त या कामासाठी खोलीत लावून टाक. आणि इंटरनेटचा प्लॅन वाढवू नकोस, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे सगळं घरातल्या घरात चालतं, नेट बंद असलं तरी राउटर आणि पीसीमधलं बोलणं चालूच असतं.

पीसीवरचा गेम हेडसेटवर आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टीम लिंक फुकट आहे, त्याने सुरुवात कर. व्हर्च्युअल डेस्कटॉप पैसे देऊन घ्यावं लागतं पण माझ्या मते ते पैसे वसूल होतात, फक्त ते क्वेस्टच्या स्टोअरमधून घ्यायचं, स्टीमवरचं नाही, स्टीमवरचं वेगळं आहे. त्यात कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, विचारेल तेव्हा एचईव्हीसी १० बिट निवड. एव्ही१ बद्दल वाचशील, पण ते बनवायची सोय ४० सीरिजच्या कार्डांपासून आहे, ३०६० ला नाही.

आणखी एक, हेडसेट घातला की कीबोर्ड दिसत नाही. म्हणून व्हीलवरची दोन बटणं आधीच ठरवून ठेव, एक सीटची जागा रीसेट करायला, एक पॉझला. पहिल्या दिवशी सगळे इथेच चाचपडतात.

आता बायकोचं, कारण पत्रात तू हे एका ओळीत उरकलंस पण मला हाच भाग जास्त काळजीने सांगायचाय. घाटात गाडी का लागते, तर आतला कान सांगतो की आपण वळतोय आणि डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची स्थिर पाठ असते. व्हीआरमध्ये बरोबर उलटं, डोळे सांगतात की आपण धावतोय आणि कान सांगतो की आपण खुर्चीत बसलोय. मेंदूला दोन्हीकडून वेगळी बातमी येते आणि पोट ढवळायला लागतं. म्हणून तिला पहिल्याच दिवशी कौतुकाने ॲसेटो कोर्सात बसवू नकोस, मी हात जोडून सांगतो. ती चालवणार नाही, नुसती बघणार असेल तर अजूनच वाईट, कारण वळण कधी येणार हे चालवणाऱ्याला आधी कळतं.

तिची सुरुवात बीट सेबरने कर. त्यात माणूस जागेवर उभा असतो, वस्तू समोरून येतात, शरीर आणि चित्र एकाच तालात असतं, त्यामुळे गाडी लागणाऱ्यांनाही सहसा त्रास होत नाही. मग ॲलिक्स, पण चालण्याच्या सेटिंगमध्ये ब्लिंक ठेवून, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर थेट जायचं, मधलं घसरत जाणं नाही. वळताना हळूहळू फिरण्याऐवजी झटक्याने ठरावीक अंश वळायचं सेटिंग ठेव. तिच्या वेळी ग्राफिक्स अजून एक पायरी खाली आण, कारण फ्रेम अडखळल्या की मळमळ लगेच वाढते. टेबलफॅन तोंडावर लाव. आणि कपाळावर थोडा घाम, तोंडाला पाणी सुटणं, अंग गरम वाटणं, यातलं काही झालं की त्याच सेकंदाला हेडसेट काढायचा, "अजून थोडंसं, सवय होईल" असं म्हणायचं नाही. ताणून धरलं तर तो त्रास संध्याकाळभर जात नाही आणि पुढच्या वेळी हेडसेट नुसता बघूनही मळमळायला लागतं, असं झालेले लोक आहेत. थोडं थोडं, दिवसाआड, असं केलं तर बऱ्याच जणांची सहनशक्ती खरोखर वाढते. तिची नाही वाढली तर नाही वाढली, तिला उभं राहून खेळायचे गेम भरपूर आहेत.

जमलं तर भाऊ ऑर्डर देण्याआधी पुण्याला एखाद्या मॉलमधल्या व्हीआर गेम झोनमध्ये दोघं जाऊन या. तिथे चित्राच्या क्वालिटीवर मत बनवू नका, तिथले हेडसेट जुने असतात, लेन्सवर शंभर जणांचे हात लागलेले, अंतरही कोणी जुळवून देत नाही. तिला किती झेपतंय एवढंच बघायला जायचं.

खोली. १० बाय ११ मधून कॉट आणि टेबल वजा केलं तर उभं राहून खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळं पाहिजे. कॉट भिंतीला सरकवून तेवढं निघतंय का ते टेप लावून बघ, नाही निघालं तरी ॲलिक्स बसून खेळता येतो. पण वर बघ. छताचा पंखा! परदेशातल्या घरांत हा प्रश्न सहसा नसतो म्हणून तिकडच्या गाइडमध्ये कोणी लिहीत नाही, आणि बीट सेबरमध्ये वरचा ठोकळा तोडायला हात कंट्रोलरसकट पूर्ण वर जातो. हात ताणून उभा राहा, हातात लाटणं धरून बघ पात्याला किती अंतर राहतं. हातभर नसेल तर खेळताना छताचा पंखा बंद म्हणजे बंद, टेबलफॅनवर भागवायचं. ट्यूबलाइट चालू ठेव, हेडसेटचे कॅमेरे खोली बघूनच आपली जागा ओळखतात, अंधारात गोंधळतात.

आणि ऊन. हेडसेट खिडकीत किंवा गॅलरीत लेन्स वर करून कधी ठेवू नकोस, चार-पाच मिनिटं ऊन लेन्समधून आत गेलं की भिंगाने कागद जळावा तसा पॅनलवर डाग पडतो, तो जात नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे ओल किती असते ते तुला माहीत आहे, घामेजलेला फोम तसाच बॉक्समध्ये टाकला तर लेन्सवर बुरशी धरते, पुसून, पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेव. सिलिकॉनचं कव्हर घे, दोघं वापरणार आहात.

आता भावाला काय सांगायचं. किंमत बदलत असते, ती त्या आठवड्यात पुन्हा बघायला सांग, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स वेगळा धर. मागे चाक असलेला किंवा मागे बॅटरी असलेला स्ट्रॅप वेगळा मागव, सोबत येणारा कापडी पट्टा नाकावर वजन टाकतो, अर्ध्या तासाच्या रेसला नको होतं. स्टोरेजची चिंता करू नकोस, तुझे गेम पीसीवरच राहणार.

वॉरंटी तिकडची असणार, इथे काही झालं तर परत पाठवणं खर्चाचं आणि कटकटीचं. म्हणून त्याला निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायला सांग, आणि डबा सीलबंद आणू नको म्हणावं. तिकडेच उघडून, चार्ज करून, अपडेट टाकून, तासभर वापरून बघायचं. पांढऱ्या पडद्यावर काळा ठिपका दिसतोय का, दोन्ही स्पीकर वाजतात का, कंट्रोलरची काडी हात न लावता एका बाजूला सरकते का, लेन्सचं चाक अडकतंय का, आणि केबल लावून कॉम्प्युटर ओळखतोय का, म्हणजे टाइप-सी पोर्ट ठीक आहे का. काही खटकलं तर परत करायची मुदत संपायच्या आत तिथल्या तिथे बदलून घेता येईल. मग त्याचं अकाउंट काढून हेडसेट रीसेट करून दे म्हणावं, नाहीतर इथे तू त्याच्या ओटीपीची वाट बघत बसशील. प्रवासात केबिन बॅगेतच ठेवायचा, आत लिथियम बॅटरी आहे, बिल सोबत असू दे आणि ड्यूटी फ्रीची मर्यादा त्याने आधी बघून घ्यावी, त्याच्याकडे लॅपटॉप आणि दिवाळीची बाकी खरेदीही असेलच.